अमेरिकेतली यादवी आणि गुलामगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली यादवी १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं चालली. त्या लढायांची हकिगत इथे नाही. एकाच संविधानाखाली सत्तरेक वर्षं नांदलेली राज्यं एकमेकांवर तोफा डागण्यापर्यंत कशी आली, त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. यातल्या काही प्रश्नांची चुकीची उत्तरं इतकी पसरली आहेत की तिथे जरा जास्त वेळ थांबावं लागलं.

भांडण नेमकं कशावरून होतं?

गुलामगिरीवरून. आणखी नेमकं सांगायचं तर, पश्चिमेकडे नव्याने वसत असलेल्या प्रदेशांत गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही यावरून. जिथे ती आधीपासून आहे तिथे केंद्राने हात घालायचा नाही, हे १८६० पर्यंत उत्तरेतल्या बहुतेक पुढाऱ्यांनाही मान्य होतं. पण नव्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला की सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, त्याला दोन जागा मिळत, म्हणून प्रत्येक नवं राज्य कोणाच्या पारड्यात पडतं याकडे दोन्ही बाजू डोळे लावून असत. त्यात कापसाने जमिनीचा कस उतरत होता आणि मळेवाल्यांना नवी जमीन हवी होती. उत्तरेतल्या छोट्या शेतकऱ्याचाही डोळा त्याच जमिनीवर होता, आणि फुकट राबवलेल्या माणसांच्या शेजारी आपला निभाव लागणार नाही हे त्याला कळत होतं.

उत्तरेतला प्रत्येक विरोधक काळ्या माणसाच्या कळवळ्याने बोलत होता असं समजू नये. इलिनॉयने १८५३ मध्ये काळ्या लोकांना राज्यात येऊन राहायला बंदी करणारा कायदा केला होता, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन याच राज्यातून पुढे आले.

कापसाचा यात एवढा वाटा कसा?

आखूड धाग्याच्या कापसातून हाताने सरकी वेगळी करायची तर दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई निघे. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं आणि हा अडसर गेला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या गिरण्यांची भूक वाढत होती. गुलामगिरी हळूहळू आपसूक मरेल असं आधीच्या पिढीतल्या अनेकांना वाटायचं, पण कापसाने तिला नवा जीव दिला. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. तोवर देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा झाला होता.

परदेशातून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. त्यामुळे मळ्यांना लागणारी माणसं देशातूनच विकत घेतली जात. व्हर्जिनिया, मेरीलँड या जुन्या राज्यांतून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसं अशी हलवली गेली, काही मालकाबरोबर आणि बाकीची दलालांच्या हातून, साखळ्यांत.

आकड्यांनी हे समजत नाही, म्हणून एक लिलाव सांगतो. मार्च १८५९, जॉर्जियातलं सवाना शहर. पिअर्स बटलर हा मळेवाला जुगारात आणि सट्ट्यात कर्जबाजारी झाला होता. त्याच्या मळ्यांवरची माणसं शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आणून तबेल्यांत ठेवली होती. गिऱ्हाइकं तिथे फिरून तोंड उघडायला लावत, दंड चाचपत, चालवून बघत. भर पावसात दोन दिवस विक्री झाली. ४२९ माणसं गेली आणि ३,०३,८५० डॉलर जमले. जेफ्री नावाचा २३ वर्षांचा तरुण पहिल्या दिवशी विकला गेला. डॉर्कस नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम होतं. तिलाही घ्या म्हणून त्याने नव्या मालकाच्या विनवण्या केल्या आणि तो मालक तयारही झाला. दुसऱ्या दिवशी डॉर्कस एकटी न येता चौघांच्या कुटुंबात बांधून लिलावाला आली. चौघं घ्यायची तयारी नाही म्हणून मालकाने माघार घेतली, आणि दोघांची कायमची ताटातूट झाली. न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने गिऱ्हाईक असल्याचं भासवून हे सगळं पाहिलं आणि छापलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

दक्षिणेतले सगळे गोरे गुलाम बाळगायचे का? नसतील, तर बाकीचे का लढले?

गुलामगिरी असलेल्या राज्यांत मिळून साधारण चारातल्या एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिनात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जात होतं. ज्यांच्याकडे नव्हते त्यातल्या अनेकांना आज ना उद्या एखादा घेण्याची आशा होती. आशेपेक्षाही भीती मोठी होती. साउथ कॅरोलिनात गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती, आणि १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या बंडात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले होते. शिवाय गरिबातल्या गरीब गोऱ्यालाही आपल्या खाली कोणीतरी आहे हा आधार होता. जन्मावरून ठरलेली उतरंड माणसाला कशी धरून ठेवते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

संविधान लिहितानाच हा प्रश्न का निकाली काढला नाही?

काढला असता तर संघराज्यच झालं नसतं, असं तेव्हाच्या पुढाऱ्यांना वाटलं. म्हणून १७८७ च्या संविधानात तीन गोष्टी मान्य झाल्या. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरायची, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या नावावर मालकांना जास्त जागा. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. आणि पळून दुसऱ्या राज्यात गेलेला माणूस मालकाला परत द्यायचा. वॉशिंग्टनपासून लिंकनपर्यंतच्या ७२ वर्षांतली सुमारे ५० वर्षं राष्ट्राध्यक्ष गुलाममालक होता, ते उगाच नव्हे.

मिसुरी तडजोड म्हणजे काय?

१८२० मध्ये मिसुरीला गुलामगिरीसह आणि मेनला गुलामगिरीविना राज्य म्हणून घ्यायचं ठरलं. फ्रान्सकडून घेतलेल्या बाकीच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई केली. ही रेघ चौतीस वर्षं टिकली. मेक्सिकोशी १८४६ ते १८४८ मध्ये झालेल्या युद्धात अमेरिकेने कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला आणि वाद पुन्हा उघडा पडला, कारण ती रेघ या नव्या मुलखासाठी आखलेलीच नव्हती.

या सगळ्यात गुलाम स्वतः काय करत होते?

हा प्रश्न फार कमी विचारला जातो, पण माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. ते पळत होते. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये बाल्टिमोरहून निसटले आणि पुढे देशातल्या सर्वांत प्रभावी वक्त्यांपैकी एक झाले. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून सुटल्या आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे सत्तर जणांना त्यांनी बाहेर काढलं. दरवर्षी पळून जाणारे चाळीस लाखांत मूठभरच असतील. पण असा प्रत्येक माणूस बोस्टनमध्ये किंवा फिलाडेल्फियात येऊन उभा राहिला की तिथल्या लोकांना ठरवावंच लागे : याला लपवायचं की धरून द्यायचं? काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, तडजोडी या माणसांना न विचारता होत होत्या, आणि ही माणसं आपल्या पायांनी त्या मोडत होती.

१८५० च्या कायद्याने एवढं काय बिघडलं?

१८५० ची तडजोड म्हणजे कायद्यांचं एक गाठोडं होतं. कॅलिफोर्निया गुलामगिरीविना राज्य झालं, राजधानीत गुलामांची खरेदी-विक्री बंद झाली, आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांसाठी कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची सोय नाही, ज्यूरी नाही. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर आयुक्ताला दहा डॉलर मिळायचे, सोडून दिलं तर पाच. पळालेल्याला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि मार्शलने हाक दिली की कोणत्याही नागरिकाला पाठलागात सामील व्हावं लागे.

या कायद्याचा चेहरा म्हणजे अँथनी बर्न्स. विशीतला हा तरुण १८५४ च्या सुरुवातीला रिचमंडहून जहाजात लपून बोस्टनला आला आणि एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. भावाला पाठवलेलं पत्र मालकाच्या हाती पडलं आणि ठावठिकाणा कळला. २४ मे रोजी त्याला चोरीच्या खोट्या आरोपाखाली धरलं. दोन दिवसांनी काळ्या-गोऱ्या नागरिकांच्या जमावाने कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला आणि त्यात एक पहारेकरी मेला. राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी लष्करी बळ दिलं. २ जूनला बर्न्सला सैनिकांच्या कड्यातून बंदराकडे नेलं तेव्हा रस्त्यांवर सुमारे पन्नास हजार लोक होते. खिडक्यांना काळी कापडं लावली होती आणि एका ठिकाणी ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेली शवपेटी टांगली होती. एकटा माणूस परत पाठवायला हजारो डॉलर खर्च झाले. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या लोकांनी वर्गणी काढून १,३०० डॉलरला त्याला सोडवून आणलं.

तोवर गुलामगिरी ही लांबच्या मळ्यांवरची गोष्ट म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांना डोळेझाक करता येत होती. हा कायदा ती त्यांच्या दारात घेऊन आला. कापसावर गिरण्या चालवणारा अमोस लॉरेन्स या प्रसंगानंतर लिहितो की रात्री आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवादी म्हणून झोपलो आणि सकाळी उठलो ते पक्के गुलामगिरीविरोधक होऊन.

कॅन्ससमध्ये काय घडलं?

त्याच १८५४ मध्ये स्टीफन डग्लस या सिनेटरने कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर करून घेतला. (आडनाव सारखं असलं तरी वर आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्याशी याचा संबंध नाही.) १८२० ची रेघ पुसायची आणि गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या रहिवाशांनी मतांनी ठरवायचं, असा तो कायदा. कागदावर हे लोकशाहीचंच वाटतं. पण रहिवासी कोण आणि मतं कोण मोजणार?

मार्च १८५५ च्या निवडणुकीत कॅन्ससमध्ये २,९०५ पात्र मतदार होते, आणि मतं पडली ६,३०७. शेजारच्या मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या येऊन मतं टाकून परत गेल्या. निवडून आलेल्या विधिमंडळाने गुलामगिरीविरुद्ध बोलणंही गुन्हा ठरवलं. विरोधकांनी टोपेकाला आपलं वेगळं सरकार मांडलं, आणि न्यू इंग्लंडमधून त्यांच्यासाठी शार्प्स रायफली येऊ लागल्या. २१ मे १८५६ रोजी लॉरेन्स गाव लुटलं गेलं, छापखान्यांची मोडतोड झाली, हॉटेल जाळलं. तीन रात्रींनी जॉन ब्राउन मुलांना आणि साथीदारांना घेऊन पोटावाटोमी खाडीकाठच्या वस्तीत गेला आणि गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून ओढून तलवारींनी तोडलं.

यादवीची पहिली तोफ १८६१ मध्ये उडाली असं पुस्तकात असतं. मला विचाराल तर यादवी कॅन्ससमध्ये पाच वर्षं आधीच सुरू झाली होती. मतपेटीवरचा विश्वास उडाला की पुढे काय होतं, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. याच कायद्याच्या विरोधातून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला.

सिनेटमध्ये खरंच मारहाण झाली होती?

हो, आणि लॉरेन्सच्या लुटीच्या दुसऱ्याच दिवशी. मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स समनर यांनी कॅन्ससवर दोन दिवस भाषण केलं आणि त्यात साउथ कॅरोलिनाचे सिनेटर बटलर यांना फार झोंबेल असं बोलले. बटलर यांचा नातलग प्रेस्टन ब्रुक्स प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. २२ मे रोजी समनर आपल्या जागी बसून लिहीत असताना त्याने त्यांना काठीने झोडपायला सुरुवात केली. टेबल जमिनीला पक्कं बसवलेलं होतं. त्याखाली अडकलेल्या समनर यांनी उठताना ते उपटून काढलं आणि रक्तबंबाळ होऊन कोसळले. काठीचे तुकडे होईपर्यंत मार चालू होता.

ब्रुक्सला ३०० डॉलर दंड झाला. त्याने राजीनामा दिला आणि मतदारांनी त्याला लगेच पुन्हा निवडून पाठवलं. दक्षिणेतून त्याला नव्या काठ्या भेट आल्या. समनर यांना नियमित कामावर परतायला तीनेक वर्षं लागली, आणि तोवर मॅसॅच्युसेट्सने त्यांची खुर्ची रिकामीच ठेवली. मारहाणीपेक्षा या काठ्या आणि ही खुर्ची जास्त सांगून जातात. दोन्हीकडच्या सामान्य लोकांनी आपापली बाजू निवडली होती.

ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल काय होता?

ड्रेड स्कॉट या गुलामाला त्याच्या मालकाने काही वर्षं इलिनॉयमध्ये आणि नंतर मिसुरी रेघेच्या उत्तरेच्या प्रदेशात ठेवलं होतं. तिथे गुलामगिरीच नाही, म्हणून मी स्वतंत्र आहे, असा त्याचा दावा. १८४६ मध्ये सुरू झालेल्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ मार्च १८५७ रोजी लागला, सात विरुद्ध दोन. सरन्यायाधीश टॅनी यांनी लिहिलं की काळे लोक, गुलाम असोत की स्वतंत्र, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, आणि प्रदेशांत गुलामगिरीला मनाई करायचा अधिकार काँग्रेसला नाही. संविधान झालं तेव्हा गोऱ्या माणसाने मानावा असा कोणताही हक्क काळ्या माणसाला नव्हता, असंही त्यांनी नोंदवलं.

नवे राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी निकालाआधी न्यायाधीशांशी गुपचूप पत्रव्यवहार केला होता. न्यायालयाने वाद कायमचा मिटवावा ही त्यांची इच्छा. झालं उलटंच. प्रदेशांत गुलामगिरी रोखणं हेच ज्या पक्षाचं मुख्य धोरण, त्या रिपब्लिकन पक्षालाच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यासारखं झालं. दोनच महिन्यांनी नव्या मालकाने स्कॉट कुटुंबाला मुक्त केलं, आणि पुढच्या वर्षी ड्रेड स्कॉट वारला.

जॉन ब्राउन हुतात्मा की खुनी?

दोन्ही शब्द त्याच्याबद्दल वापरले जातात आणि दोन्हींना पुरावा आहे. पोटावाटोमीची रात्र माफ करता येत नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये २१ साथीदार घेऊन त्याने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी या गावातलं सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतलं. गुलामांना हत्यारं देऊन उठाव करायचा बेत होता. त्या हल्ल्यात पहिला बळी गेला तो रेल्वे स्टेशनवरचा हेवर्ड शेपर्ड हा स्वतंत्र काळा हमाल. रॉबर्ट ली यांच्या हाताखालच्या तुकडीने ब्राउनला पकडलं आणि २ डिसेंबरला त्याला फाशी झाली. या पापी भूमीचे गुन्हे रक्तानेच धुतले जातील, असं त्याने त्या दिवशी लिहून ठेवलं. उत्तरेत काही गावांत चर्चच्या घंटा वाजल्या. त्या घंटा ऐकून दक्षिणेने ठरवलं की उत्तरेतला प्रत्येक माणूस आतून ब्राउनच आहे. ते खरं नव्हतं, पण त्यावर विश्वास बसला.

लिंकन गुलामगिरी संपवायला निवडून आले होते का?

नाही. आहे तिथे ती राहू द्यावी पण पसरू देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष फुटला आणि चार उमेदवार झाले. लिंकन यांना सुमारे ४० टक्के मतं मिळाली. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांना एकही मत पडलं नाही, तरी राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मंडळात १८० मतं घेऊन ते जिंकले. विरोधातली सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असती तरी लिंकनच निवडून आले असते, कारण उत्तरेची लोकसंख्याच तेवढी वाढली होती. इतकी वर्षं केंद्राची सत्ता दक्षिणेच्या मुठीत होती. आता ती मूठ सुटली हे मळेवाल्यांना पक्कं कळलं.

पण युद्ध तर राज्यांच्या हक्कांसाठी होतं ना?

हा दावा सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात सहज खोडता येतो, कारण फुटणाऱ्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. साउथ कॅरोलिनाच्या अधिवेशनाने २० डिसेंबर १८६० रोजी एकमताने, १६९ विरुद्ध शून्य, फुटण्याचा ठराव केला. त्यांच्या जाहीरनाम्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेतली राज्यं आपला हक्क वापरून केंद्राचा कायदा अडवत होती, आणि दक्षिणेचा राग त्यावर होता. राज्यांच्या हक्कांसाठी उभा राहिलेला माणूस ही तक्रार कशी करेल?

मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच लिहिलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. नव्या दक्षिणी संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ रोजी सवाना इथे बोलले. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या सत्यावर आमच्या सरकारची कोनशिला उभी आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पराभवानंतर त्यांची भाषा बदलली आणि ‘राज्यांचे हक्क’ पुढे आले.

जकातीचा मुद्दाही काढला जातो. १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने जकातीवरून खरंच बंड मांडलं होतं. पण तेव्हा एकही राज्य त्याच्या मागे आलं नव्हतं.

युद्ध टाळता आलं असतं का?

प्रयत्न शेवटपर्यंत झाले. सिनेटर क्रिटेंडन यांनी जुनी मिसुरी रेघ थेट पॅसिफिकपर्यंत वाढवायचा प्रस्ताव आणला. लिंकन यांना तो विस्तार मान्य नव्हता. राज्यांतल्या गुलामगिरीत केंद्राने कधीच हस्तक्षेप करायचा नाही, अशी घटनादुरुस्ती मार्च १८६१ पर्यंत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मंजूरही झाली. तरी गेलेली राज्यं परतली नाहीत.

मालकांना पैसे देऊन गुलाम सोडवता आले नसते का, असं बरेच जण विचारतात. ब्रिटनने १८३३ मध्ये दोन कोटी पौंड मंजूर करून तसं केलं होतं. अमेरिकेतल्या गुलामांची बाजारभावाने किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर होती, देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त. केंद्राचा वर्षाचा खर्च तेव्हा साडेसहा कोटी डॉलरही नव्हता. आणि प्रश्न नुसता पैशांचा असता तर डेलावेअरने ऐकलं असतं. तिथे १,८०० च्या आसपासच गुलाम उरले होते. लिंकन यांनी १८६१ च्या अखेरीस त्या राज्याला भरपाई देऊ केली. डेलावेअरने नकार दिला.

ज्या शांततेसाठी हे सगळे हळहळतात, ती चाळीस लाख माणसांसाठी कधी शांतता नव्हतीच. युद्ध टळलं असतं तर कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मी तरी बाजूला ठेवू शकत नाही.

प्रत्यक्ष तोंड कसं लागलं?

फेब्रुवारी १८६१ पर्यंत सात राज्यं फुटली आणि जेफरसन डेव्हिस यांना त्यांनी अध्यक्ष केलं. चार्ल्स्टनच्या बंदरातला फोर्ट समटर मात्र केंद्राच्या सैनिकांकडे होता आणि तिथलं धान्य संपत आलं होतं. लिंकन यांनी फक्त रसद पाठवत असल्याचं कळवलं. १२ एप्रिलला पहाटे साडेचारला दक्षिणेने तोफा सुरू केल्या आणि मेजर अँडरसन यांना किल्ला सोडावा लागला. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागवले, तसं व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं तिकडे गेली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामगिरी असलेली राज्यं संघात राहिली.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आला का?

दोन बाजूंनी आला. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि व्यापारी मुंबईकडे वळले. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैसा ओतला गेला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरचा सट्टा पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही बुडाले.

दुसरा संबंध जोतीराव फुले यांचा. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं, त्यांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली. अमेरिकेतल्या घडामोडीतून कोणी भावाचा अंदाज बांधत होतं, तर जोतीराव त्यात आपल्या लोकांच्या सुटकेची वाट पाहत होते.

मग गुलामगिरी संपली कधी?

१ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने फक्त बंडखोर भागातले गुलाम मुक्त ठरवले, आणि तेही जसजसं उत्तरेचं सैन्य पुढे जाईल तसतसं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ही बातमी सैन्याबरोबर १९ जून १८६५ रोजी पोचली. संघात राहिलेल्या राज्यांपैकी मेरीलँड आणि मिसुरी यांनी आपल्याकडची गुलामगिरी युद्ध संपायच्या आधी स्वतः रद्द केली. डेलावेअर आणि केंटकीमध्ये मात्र ती डिसेंबर १८६५ पर्यंत, तेरावी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत, कायदेशीर होती.